अर्काने ऑटोफॅजी वाढली म्हणता, पण पचन झाले का? मराठवाड्यातील संशोधन समित्यांना खुले पत्र

प्रति,
संशोधन व मान्यता समित्यांचे मा. अध्यक्ष व सदस्य, मराठवाड्यातील विद्यापीठे,
तसेच औषधनिर्माणशास्त्र, जैवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान व वनस्पतिशास्त्र विभागांतील मा. मार्गदर्शक

विषय: वनस्पतिजन्य संयुगे, ऑटोफॅजी आणि अल्झायमर यांवरील सिनॉप्सिसना मंजुरी देताना लावायच्या कसोट्या

महोदय, महोदया,

आरआरसीपुढे (संशोधन व मान्यता समितीपुढे) येणाऱ्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे पीएचडीच्या संशोधन-आराखड्यांत, एक साचा ठरून गेला आहे. वनस्पतीचे नाव बदलते. कधी हळद, कधी अश्वगंधा, ब्राह्मी, गुळवेल, शेवगा. शीर्षकाचा उरलेला भाग मात्र तोच असतो: अमुक अर्काचा ऑटोफॅजीवरील (पेशीने आपलाच कचरा पचवण्याच्या क्रियेवरील) परिणाम आणि अल्झायमरमधील उपयुक्तता. (मध्ये 'नॅनो' घातले की मंजुरी लवकर मिळते, असाही एक समज आहे.) हे विषय बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. भारतात ६० वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. काम झालेच पाहिजे. पण विद्यार्थ्याला मंजुरीआधी दोन प्रश्न विचारले जावेत. पेशीने गोळा केलेला कचरा शेवटी पचला, हे तू कसे दाखवणार? आणि अर्कातल्या कोणत्या रेणूने, किती मात्रेत हे केले, हे कसे सांगणार?

पहिला प्रश्न का, ते आधी. ऑटोफॅजीत पेशी आपलीच बिघडलेली प्रथिने, जुनी मायटोकॉन्ड्रिया (ऊर्जाकेंद्रे) दुहेरी पडद्याच्या पिशवीत बांधते. ही पिशवी म्हणजे ऑटोफॅगोसोम. ती लायसोसोमला, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीला, जाऊन मिळते. तिथे सामू ४.५ ते ५ इतका आम्ल असतो, त्यात कॅथेप्सिनसारखी विकरे माल तोडतात आणि अमिनो आम्ले पेशीला परत मिळतात. ख्रिश्चन द दूव यांनी १९६३ मध्ये या क्रियेला नाव दिले. योशिनोरी ओसुमी यांनी तिची जनुके यीस्टमध्ये शोधली आणि २०१६ चे नोबेल मिळवले. चेतापेशीला या यंत्रणेचा आधार इतरांपेक्षा जास्त लागतो. ती विभागत नाही, त्यामुळे कचरा दोन लेकी-पेशींत वाटून हलका होत नाही. शिवाय लांब अक्षतंतूच्या टोकाला बांधलेली पिशवी पेशीच्या मुख्य भागापर्यंत वाहून आणावी लागते.

अल्झायमरमध्ये बिघाड नेमका कुठे होतो? राल्फ निक्सन यांच्या गटाने २००५ मध्ये रुग्णांच्या मेंदूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र मांडले. सुजलेल्या चेतातंतूंत अर्धवट पचलेल्या पिशव्या खच्चून भरलेल्या होत्या. त्याच गटाने २०२२ मध्ये उंदरांच्या अनेक प्रारूपांत दाखवले की पेशीबाहेर अमायलॉइड या चिकट प्रथिनाचे थर दिसण्याच्या बरेच आधी पेशीतल्या ऑटोलायसोसोममधली (लायसोसोमला मिळालेल्या पिशवीतली) आम्लता घटते, आणि न पचलेला माल फुलाच्या पाकळ्यांसारखा फुगून केंद्रकाभोवती साचतो. दुसऱ्या बाजूला, २००८ च्या एका अभ्यासात आजाराच्या सुरुवातीलाच बेक्लिन-१ हे पिशवी बांधायला लागणारे प्रथिन कमी आढळले होते. म्हणजे बांधणीतही उणीव असू शकते. पण पचनच अडले असेल आणि आपण अर्क देऊन बांधणी वाढवली, तर साठा वाढेल. 'ऑटोफॅजी वाढली' हे वाक्य म्हणूनच आपोआप शुभवार्ता ठरत नाही.

कारखान्याच्या गेटबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लांबली, एवढ्यावरून गाळप जोरात चालू आहे की गव्हाणच बंद पडली आहे, हे कळत नाही. बहुतेक सिनॉप्सिस ही रांगच मोजतात. पेशीतल्या रांगेचे नाव आहे एलसी३-२. हे प्रथिन पिशवीच्या पडद्याला चिकटलेले असते; पिशव्या जास्त बनल्या तरी ते वाढते आणि पचन अडले तरी वाढते. वेस्टर्न ब्लॉट या चाचणीत प्रथिन पडद्यावर पट्टीसारखे उमटते. एकट्या एलसी३-२ च्या पट्टीवर उभा केलेला प्रबंध दोन्हीकडे वाचता येतो.

उपाय जुना आणि ठाऊक असलेला आहे: फ्लक्स मोजणे, म्हणजे मालाचा प्रवाह मोजणे. त्यासाठी ब्लॉटवर शेजारीशेजारी किमान चार नमुने, म्हणजे चार लेन लागतात. पहिलीत नुसते द्रावक दिलेल्या पेशी, दुसरीत द्रावक अधिक लायसोसोम अडवणारे औषध, तिसरीत अर्क, चौथीत अर्क अधिक तेच औषध. अडवण्यासाठी बॅफिलोमायसिन ए१, १०० नॅनोमोलर, शेवटचे २ ते ४ तास. ते परवडत नसेल तर क्लोरोक्विन, २० ते ५० मायक्रोमोलर. ही मात्रा आपल्या पेशींत पचन पूर्ण अडवते ना, ते आधी तपासावे; अर्धवट अडवले तर चौथी लेन काहीही सांगू शकते. आता वाचन. चौथीतली पट्टी दुसरीपेक्षा ठळक असेल तर अर्काने बांधणी खरोखर वाढवली. तिसरी पहिलीपेक्षा ठळक, पण चौथी आणि दुसरी सारख्याच असतील, तर अर्कानेच पचन अडवले आहे, आणि सिनॉप्सिसमधला दावा उलटा झाला. अश्वगंधेतल्या विथाफेरिन-एबाबत हे घडलेले आहे: स्तनकर्करोगाच्या पेशींत ते लायसोसोमचे काम रोखून प्रवाह थांबवते, असे २०१९ मध्ये दाखवले गेले.

ब्लॉटवरच बरेच प्रबंध घसरतात, म्हणून थोडे तपशिलात. एलसी३-१ (पिशवीला न चिकटलेले रूप) साधारण १६ किलोडाल्टनला आणि एलसी३-२ साधारण १४ ला धावते. दोन्ही वेगळ्या दिसायला १५ टक्क्यांचा जेल घ्यावा. पडदा पीव्हीडीएफचा, ०.२ मायक्रॉनचा असावा, ०.४५ मधून एवढी लहान प्रथिने आरपार निघून जातात आणि 'अर्काने एलसी३ कमी केले' असा भलताच निष्कर्ष हाती येतो. एलसी३-२ ची तुलना अ‍ॅक्टिनशी (पेशीत साधारण स्थिर राहणाऱ्या प्रथिनाशी) करावी, एलसी३-१ शी नव्हे. प्रतिपिंड दोन्ही रूपांना सारखे चिकटत नाहीत, आणि एलसी३-१ गोठवणे-वितळवणे सहन करत नाही. आपल्याकडे वीज जाते, डीप फ्रीझर रात्रभर बंद राहतो, सकाळी नमुना पुन्हा गोठतो. त्या नमुन्यातले एलसी३-१ गेलेले असते आणि गुणोत्तर आपोआप छान दिसते. नमुने त्याच दिवशी बफरमध्ये तयार करून लहान लहान भागांत ठेवावेत, एक भाग एकदाच वापरावा.

विजेचा दुसरा फटका जिवंत पेशींना बसतो. इनक्युबेटर बंद पडला की तापमान आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही हलतात, माध्यमाचा सामू सरकतो, आणि या ताणाने अर्काविनाच ऑटोफॅजी बदलते. माध्यम दोन दिवस न बदललेल्या, दाटीने वाढलेल्या पेशी तर उपाशीच असतात, आणि उपासमार हा ऑटोफॅजीचा सर्वांत जुना चालक. कंट्रोल (तुलनेसाठीचा अर्क न दिलेला नमुना) त्याच प्लेटवर, त्याच दिवशी, तेवढ्याच दाटीचा असावा. गेल्या महिन्यातला कंट्रोल चालणार नाही. खात्रीचा धन कंट्रोल म्हणून पेशींना २ ते ४ तास ईबीएसएस द्रावणात उपाशी ठेवावे किंवा टोरिन-१ (२५० नॅनोमोलर) द्यावे.

पी६२ या दुसऱ्या खुणेचाही असाच घोळ आहे. ते कचऱ्याला पिशवीशी जोडते आणि स्वतःही पचते; म्हणून पी६२ घटले की प्रवाह चालू, असे शिकवले जाते. पण वनस्पतींतली बरीच पॉलिफेनॉल एनआरएफ२ हा मार्ग चेतवतात, आणि एनआरएफ२ पी६२ चे जनुकच जास्त चालवतो. उत्पादन वाढल्यामुळे पचन नीट चालू असूनही पी६२ चढलेले दिसते. सोबत क्यूपीसीआर या तंत्राने त्याचा आरएनए मोजला नाही तर पी६२ ची पट्टी अर्थहीन. एमडीसी आणि अ‍ॅक्रिडिन ऑरेंज हे रंग तर ऑटोफॅजीचा पुरावा म्हणून स्वीकारूच नयेत. ते आम्लधर्मी पिशव्या रंगवतात, एवढेच. या सगळ्या कसोट्या 'ऑटोफॅजी' नियतकालिकातल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहेत; चौथी आवृत्ती २०२१ ची आहे, आणि सिनॉप्सिस लिहिणाऱ्याने ती वाचलेली असावी ही अपेक्षा फार नाही.

वनस्पतिजन्य संयुगे मोजमापाच्या रसायनातही ढवळाढवळ करतात. हळदीतले करक्युमिन स्वतः चमकते, आणि तेही हिरव्या पट्ट्यात, जिथे जीएफपी हे हिरवे चमकणारे प्रथिन वाचतात. आरएफपी-जीएफपी-एलसी३ या जोडखुणेत पिवळा ठिपका म्हणजे न पचलेली पिशवी आणि लाल म्हणजे पचनात गेलेली. करक्युमिनचा हिरवा प्रकाश मिसळला की लाल ठिपकाही पिवळा दिसतो. अमायलॉइड मोजायच्या थायोफ्लेविन-टी चाचणीतही करक्युमिन चमक दाबते आणि 'अमायलॉइड विरघळले' असे वाटते. जिवंत पेशी मोजायच्या एमटीटी चाचणीत पॉलिफेनॉल पेशीविनाच रंग तयार करतात. मेलेल्या पेशी जिवंत मोजल्या जातात. प्रत्येक प्लेटवर पेशी नसलेल्या, फक्त अर्क आणि एमटीटी असलेल्या विहिरी ठेवल्या की हा दोष लगेच उघडा पडतो. याला वेगळा खर्च नाही.

आता दुसरा प्रश्न: कोणता रेणू, किती?

हळदीचे उदाहरण जवळचे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि हिंगोली-नांदेडच्या हळदीवर काम व्हावे हे योग्यच. पण मोंढ्यातून आणलेली पूड संशोधनाचा कच्चा माल होऊ शकत नाही. पॉलिशच्या वेळी रंग चढवलेला माल बाजारात असतो. मेटॅनिल यलो आणि लेड क्रोमेट या भेसळी नोंदलेल्या आहेत, आणि शिसे हे चेतापेशींचेच विष आहे. जात कोणती, गाव कोणते, काढणीची तारीख, जेठे गड्डे की हळकुंडे, किती वेळ शिजवले, कसे वाळवले, हे नोंदवून थेट शेतातून नमुना घ्यावा. वनस्पतीचा वाळवलेला नमुना हर्बेरियममध्ये जमा करून त्याचा क्रमांक सिनॉप्सिसमध्ये द्यावा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. ब्राह्मी आणि शंखपुष्पीच्या बाबतीत ही अट ढिली करूच नये, कारण या नावांनी दुकानात निरनिराळ्या वंशांतल्या वनस्पती मिळतात. मग अर्काचा उतारा टक्क्यांत, एचपीएलसी या संयुगे वेगळी करणाऱ्या तंत्राने तिन्ही करक्युमिनॉइड वेगवेगळे मोजलेले, जड धातू आणि एन्डोटॉक्सिन तपासलेले. मायक्रोग्लियावर (मेंदूतल्या संरक्षक पेशींवर) काम असेल तर एन्डोटॉक्सिनची तपासणी टाळता येत नाही, कारण जिवाणूंच्या त्या अंशानेच पेशी पेटतात. द्रावक म्हणून डीएमएसओ ०.१ टक्क्यापेक्षा जास्त नको.

मात्रेचा हिशेब यापेक्षा कडक आहे. अमेरिकेत अल्झायमरच्या ३६ रुग्णांच्या चाचणीत काहींना प्लासिबो (औषध नसलेली गोळी), तर बाकीच्यांना रोज २ किंवा ४ ग्रॅम करक्युमिन २४ आठवडे देण्यात आले. फायदा दिसला नाही (२०१२). रक्तातले मुक्त करक्युमिन मिलिलिटरला ७ नॅनोग्रॅमच्या आसपासच पोचले, म्हणजे साधारण २० नॅनोमोलर. आपल्या प्रयोगशाळांत पेशींवर २० मायक्रोमोलर ओततात. हा हजारपट फरक आहे, आणि रक्त-मेंदू अडथळा त्यानंतरचा. शिवाय सीरम नसलेल्या माध्यमात, ३७ अंशांवर आणि ७.२ सामूला, अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के करक्युमिन मोडते. २४ तासांच्या प्रयोगात पेशीने काय पाहिले? बहुतांशी मोडतोड. द्राक्षांतल्या रेस्व्हेराट्रॉलची चाचणी ११९ जणांवर ५२ आठवडे झाली, मात्रा वाढवत दिवसाला २ ग्रॅमपर्यंत नेली. तिचा निकाल २०१५ मध्ये आला: औषध घेणाऱ्यांत मेंदूचे आकारमान प्लासिबोपेक्षा जास्त घटले. याचा अर्थ अजून वादात आहे. 'नैसर्गिक, म्हणून निर्धोक' हे प्रस्तावनेतले वाक्य मात्र खोडले पाहिजे.

ते वाक्य खोडायला आणखी एक कारण बीड जिल्ह्यातच आहे. तिथल्या सीताफळाच्या बियांतली अ‍ॅसिटोजेनिन ही संयुगे मायटोकॉन्ड्रियाचा पहिला संकुल (ऊर्जा बनवणाऱ्या साखळीतला पहिला प्रथिनसमूह) बंद पाडतात. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडलूप बेटावर याच कुळातल्या लक्ष्मणफळाचे सेवन आणि पार्किन्सनसदृश आजार यांचा संबंध १९९९ मध्ये मांडला गेला, आणि त्यातल्या अ‍ॅनोनासिनने चेतापेशींत टाऊ हे प्रथिन बिघडते असे पुढे प्रयोगांत दिसले. सीताफळ-बी किंवा पानांच्या गाढ अर्कावर 'मेंदूरक्षक' म्हणून सिनॉप्सिस आला तर समितीने तिथेच थांबवून विचारावे. कारण मायटोकॉन्ड्रिया अडले की ऊर्जा घटते, एएमपीके हे ऊर्जेची टंचाई ओळखणारे विकर जागे होते, आणि एएमपीके ऑटोफॅजी सुरू करते. विषबाधेनेही ऑटोफॅजी वाढते! बर्बेरिन आणि रेस्व्हेराट्रॉलही मायटोकॉन्ड्रियाच्या श्वसनावर घाव घालूनच एएमपीके चेतवतात, असे पुरावे आहेत. म्हणून एटीपी आणि ऑक्सिजन-वापर मोजल्याशिवाय 'एएमपीकेमार्फत फायदा' असा निष्कर्ष मान्य करू नये. आणि ऑटोफॅजीमुळेच पेशी वाचली असा दावा असेल तर ऑटोफॅजीला लागणारे एटीजी५ किंवा एटीजी७ चे जनुक दाबून प्रयोग पुन्हा करावा. फायदा टिकला तर त्याचे श्रेय ऑटोफॅजीला नाही.

असे कार्यकारण तपासून पाहिल्याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातल्या गटाने २०१२ मध्ये अश्वगंधेच्या मुळांचा अंशतः शुद्ध अर्क अल्झायमर-प्रारूपाच्या उंदरांना तोंडाने ३० दिवस दिला. वर्तन सुधारले, अमायलॉइड घटले. ते तिथेच थांबले नाहीत. यकृतातले एलआरपी हे प्रथिन वाढले आहे हे त्यांनी पाहिले, आणि मग यकृतात तेच दाबून दाखवले की परिणामही नाहीसा होतो. परिणाम मेंदूत, पण त्याची कळ यकृतात! पुस्तकातली ठरलेली यंत्रणा गृहीत धरून चाचण्या निवडल्या असत्या तर हे कधीच सापडले नसते. वनस्पतीतून येऊन अल्झायमरचे औषध म्हणून टिकलेला गॅलँटामिनही (स्नोड्रॉपच्या कुळातला, अमेरिकेत २००१ ची मान्यता) ऑटोफॅजीवर नव्हे, अ‍ॅसिटिलकोलिनवर काम करतो. तो एकच रेणू आहे, आणि त्याची मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरलेली आहे.

प्राण्यांवरील कामाबद्दल थोडक्यात. स्कोपोलामिन हे स्मृती तात्पुरती बिघडवणारे औषध दिलेला उंदीर पाण्याच्या चक्रव्यूहात चुकतो, कारण त्याचे मस्कॅरिनिक ग्राही तात्पुरते बंद असतात. त्याच्यात अमायलॉइडचे थर नाहीत, टाऊच्या गुठळ्या नाहीत, लायसोसोमचा बिघाड नाही. त्यावरून स्मृतीबद्दल बोलावे. शीर्षकात 'अल्झायमर' आणि 'ऑटोफॅजी' हे शब्द येऊ देऊ नयेत.

पेशीसंवर्धनाची सोय नाही, मग आमच्या विद्यार्थ्याने करायचे काय, असे तालुक्याच्या महाविद्यालयातले मार्गदर्शक विचारतील. यीस्ट वापरा. नायट्रोजन नसलेल्या माध्यमात, १ मिलिमोलर पीएमएसएफ (पचनाची विकरे रोखणारे रसायन) घालून यीस्ट ३ ते ४ तास ठेवले की व्हॅक्युओलमध्ये, म्हणजे यीस्टमधल्या लायसोसोमसारख्या पिशवीत, न पचलेले कण थरथरताना फेज-कॉन्ट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. ओसुमींची सुरुवात अशाच निरीक्षणातून झाली. पीएमएसएफ पाण्यात लवकर मोडते, ते अल्कोहोलमध्ये ताजे विरघळवून ऐनवेळी घालावे; पेप४ (पचनाच्या विकराचे जनुक) नसलेला वाण मिळाला तर त्याचीही गरज नाही. अन्न भरपूर असताना रॅपामायसिन (मिलिलिटरला २०० नॅनोग्रॅम) देऊन धन कंट्रोल, ऑटोफॅजी सुरू करायला लागणारे एटीजी१ नसलेला वाण हा ऋण कंट्रोल, आणि तिसरीकडे आपला अर्क. यीस्टच्या भिंतीतून अर्कातले संयुग आत गेले नाही तर निकाल शून्य येईल, आणि तो शून्य तसाच छापावा. इथून निघालेला प्रबंध अल्झायमरबद्दल काही म्हणणार नाही. ऑटोफॅजीबद्दल मात्र खरे काही सांगेल.

या कठोरपणाचे प्रयोगशाळेबाहेरचेही कारण आहे. अशा प्रबंधांतली वाक्ये पुड्यांच्या जाहिरातींवर पोचतात, आणि घरात विसरभोळे झालेले माणूस असेल तर लोक ती घेतात. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत मेंदूचे आजार आहेत, तरी. हळदीच्या गोळ्यांत शोषण वाढवायला मिरीतले पायपरिन घालतात. ते यकृतातली औषध मोडणारी विकरे रोखते, आणि वृद्ध माणूस आधीच चार-पाच औषधांवर असतो. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झालेले रुग्ण अमेरिकेतल्या औषधजन्य यकृतइजेच्या नोंदणी जाळ्याने नोंदवलेले आहेत.

म्हणून आमची मागणी अशी. पुढच्या प्रवेशफेरीपासून या विषयावरच्या प्रत्येक सिनॉप्सिससोबत एक पान जोडून घ्यावे: हर्बेरियम क्रमांक, अर्काचे रासायनिक मोजमाप, रक्तात मिळू शकणारी मात्रा आणि तिच्याशी प्रयोगातल्या मात्रेची तुलना, फ्लक्सच्या चार लेन, आणि जनुक दाबून केलेली पडताळणी कुठे होणार त्या प्रयोगशाळेचे संमतिपत्र. हे पान रिकामे असेल तर शीर्षकातून 'अल्झायमर' काढून विषय वनस्पती-रसायनाचा म्हणून मंजूर करावा, त्यात कमीपणा नाही. विद्यापीठाच्या मध्यवर्ती उपकरण केंद्रात एक ब्लॉटिंग संच आणि बॅफिलोमायसिनची एकत्रित खरेदी ठेवावी. एकेका विद्यार्थ्याला ती परवडत नाही, दहा जणांत सहज परवडते. आणि बाह्य परीक्षकांकडे प्रबंध पाठवताना सर्व ब्लॉट मूळ स्वरूपात, न कापता, तिन्ही पुनरावृत्तींसह पुरवणीत जोडण्याची सक्ती करावी.

आपले,
मराठवाड्यातील जैवरसायनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र व वनस्पतिशास्त्राचे काही अध्यापक आणि संशोधक